डिस्चार्जनंतर जुन्या गोळ्यांचं काय करायचं? (सोसायटीतल्या शेजाऱ्यांचं बोलणं; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-१०२: हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद? डिस्चार्जच्या कागदावर त्यांचा उल्लेखच नसतो.

बी-३०४ (फार्मासिस्ट): वहिनी, मनाने काहीच ठरवू नका. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून या की खासगीतून, निघायच्या आधी वॉर्डातच एकेका जुन्या गोळीचं विचारून घ्यायचं. घरी आल्यावर जुन्या-नव्या स्ट्रिपा शेजारी ठेवा आणि ब्रँडचं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. मधुमेहाची ग्लायकोमेट जीपी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, दोन्ही साखर उतरवणारी. कागदावर तेच ग्लिमेपिराइड दुसऱ्या नावाने आलं आणि जुनी स्ट्रिपही चालू राहिली, तर रोज दुप्पट डोस पोटात जातो आणि रक्तातली साखर फार उतरते. मग पहाटे माणूस घामाने भिजलेला, असंबद्ध बोलतोय. घरच्यांना वाटतं पॅरालिसिस आला.

सी-२०१ (निवृत्त सिस्टर): अशा वेळी आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा. आणि साखर वर आली म्हणून घरी थांबू नका! ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरते. हरतालिकेसारखे उपवास धरणाऱ्यांनी गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनवाल्यांनी हेही वाचा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन कधीही ओढू नका. कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला १०० युनिट, आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत ४०. लाल टोपीची ४० ची सिरिंज घेऊन २० च्या रेषेपर्यंत ओढलंत, तर अंगात जातात ५० युनिट.

ए-२०५: पावसात गुडघे धरतात तेव्हा फार्मसीतून डायक्लोफेनॅक आणून घेतली तर चालते ना?

बी-१०१ (डॉक्टर): काका, तुमच्या वयात बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. टेल्मा एचमध्ये टेल्मिसार्टन आहे आणि पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळीही. डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडाच्या गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आवळते, टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल होते, पाण्याच्या गोळीने शरीरातलं पाणी कमी होतं. गाळणीतला दाबच पडतो. त्यात जुलाब लागले तर चार दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) कुठल्या कुठे जातं. म्हणून जुलाब-उलट्यांनी नुसत्या पेजेवर असाल तर त्याच दिवशी फोन करून विचारा, या गोळ्या आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन थांबवायच्या का. इन्सुलिन मात्र आपणहून बंद करायचं नाही.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी ॲसिट्रोम चालू असेल तर डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शी झाली तर सकाळची वाट पाहू नका. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात हॉस्पिटलातल्या १८,८२० भरती तपासल्या होत्या, त्यांतल्या ६.५ टक्के औषधांच्या दुष्परिणामांशी जोडलेल्या निघाल्या. त्यात पुढे होती ती हीच रोजची औषधं: ॲस्पिरिन, पाण्याच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉर्फरिन, दुखण्यावरच्या गोळ्या. बहुतेक प्रकार टाळता येण्यासारखे होते, हे मला जास्त लागतं.

ए-२०५: मग दुखलं तर?

बी-३०४: लिव्हरचा त्रास नसेल तर पॅरासिटामॉल ६५०, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, ते धरून मोजा.

सी-२०१: संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटबद्दल तर हात जोडून सांगते. ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी पडतात, माणूस दगावू शकतो. रोजच्या डबीत ती ठेवूच नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वर वार लिहा, "फक्त सोमवार".

ए-१०२: यादी कशी करू?

बी-३०४: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी. चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंबही लिहा. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर. दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर त्याच कागदावर टाका.