चाळीस वर्षांची अट जरा बघा

सोलापूर जिल्ह्यातल्या वैद्यकीय क्षेत्रातल्यांना जीवनगौरव पुरस्कार द्यावा, ही इथल्या चर्चेतली सूचना पटली. पण त्यात एकांनी ‘किमान ४० वर्षं प्रॅक्टिस’ अशी अट सुचवलीय, तिथे अडलो. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच वारले. वय अवघं ३२. म्हणजे या अटीत कोटणीसच नापास!

दुसरं म्हणजे, सुचवलेल्या नावांच्या यादीत सगळे डॉक्टरच का? माझी मावशी सोलापूरच्या पूर्व भागात एका प्रसूतिगृहात सिस्टर होती. विडी वळणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या घरातल्या बायका यायच्या, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या. मावशी घरची अस्सल मराठी, पण ‘एक्कड नोप्पि?’ (कुठे दुखतंय?) इतक्या सहज विचारायची की बाई लगेच मोकळी व्हायची. कार्डावरचं वय खरं की अंदाजे, हे ती बाईच्या थोरल्या पोराच्या शाळेवरून ताडायची. हे कुठल्या बायोडेटात लिहिणार? निवृत्तीला तिला एक शाल आणि नारळ मिळाला. (सोलापुरात शाल कशाला देतात देव जाणे, निदान चादर तरी द्यावी.)

आणि अर्ज मागवू नका बुवा. अशी माणसं स्वतःहून अर्ज करत नाहीत. जुन्या पेशंटांना, आशा सेविकांना, गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा, नावं आपोआप निघतील.