६ व्होल्टच्या ट्रॅक्टरला कारच्या १२ व्होल्टची जंप: चालतं की नाही?

जुनाखटारा:
माझ्याकडे जुना पेट्रोलवरचा ट्रॅक्टर आहे, ६ व्होल्टवाला. थंडीत सकाळी सेल्फ मारला की दोन आचके देतो आणि गप्प. मग मी कार बाजूला लावतो, जंप केबल काढतो, १२ व्होल्ट देतो, की झालं काम. कित्येक वर्षं हेच करतोय, सेल्फ जळाला नाही की काही नाही. पण कुणाला सांगितलं की लोक अंगावरच येतात, ६ ला १२ दिले तर सगळं फुंकून जाईल म्हणे. अहो सेल्फ काय दिवसभर फिरतो का, दोन-चार सेकंद फिरतो, तेवढ्यात काय वितळणार? उलट उतरलेल्या बॅटरीवर अर्धा-अर्धा मिनिट कण्हत फिरवला तर तो जास्त तापतो. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं 'करू नका' नको.

ॲसिडवाला:
कारण सांगतो. सेल्फचं राहू द्या, तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचं बोला. तिच्यात तीन सेल, फुल चार्ज असली तरी ६.३ च्या आसपास. कार चालू ठेवून केबल लावली तर समोरून १४ येतात. मग आत पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतं, झाकणातून बारीक चरचर ऐकू येते, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस चिमटा काढायला वाकतो. चिमटा काढताना ठिणगी उडतेच.
माझ्यासमोर झालंय. फट्ट आवाज, एक झाकण उडालं, बाकी काहीच नाही असं वाटलं. हात-तोंड लगेच भरपूर पाण्याने धुतले म्हणून बचावलो, पण शर्ट दोन दिवसांनी धुवायला टाकला तर पुढची बाजू चाळणीसारखी होऊन बाहेर आली. डोळ्यात गेलं असतं तर इथे टाईप करत बसलो नसतो. चष्मा तरी लावता का?

जुनाखटारा:
बॅटरीला कोण लावतंय राव! माझी पद्धत वेगळी आहे. एक केबल ट्रॅक्टरच्या बॉडीला, दुसरी थेट सेल्फच्या जाड बोल्टला. मधला सोलेनॉईड (बॅटरीचा करंट सेल्फला जोडणारा स्विच) उघडाच असतो, म्हणजे १२ व्होल्ट फक्त सेल्फला मिळतात, ट्रॅक्टरची बॅटरी, कॉइल (प्लगला ठिणगी देणारी), दिवे, कटआऊट (चार्जिंगचा स्विच) सगळं आपल्या ६ वरच राहतं. इंजिन धरलं की चिमटा लगेच काढायचा. आणि हे जुने सेल्फ असे आहेत की प्लस-मायनस उलटं झालं तरी फिरतात त्याच दिशेला, कारण फील्ड (आतली स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) दोन्हीतला करंट सोबतच उलटतो.

ढकलस्टार्ट:
हँडल मारा, व्यायामही होईल 😄

ॲसिडवाला:
@ढकलस्टार्ट हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. उलटा झटका आला तर मनगट जातं. व्यायाम बंद.
@जुनाखटारा सेल्फच्या बोल्टवर थेट, हे बॅटरीला लावण्यापेक्षा शंभरपट बरं, मानतो. पण व्होल्ट दुप्पट म्हणजे जोर चौपटीच्या घरात जातो, बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगवर हातोड्यासारखा आदळतो. सेल्फ नाही जळणार, एक दिवस रिंगचे दात जातील, आणि रिंग बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो.

तिसरा_गियर:
तुम्ही दोघं दात आणि ॲसिड करताय, मला भीती दुसरीच आहे. सेल्फच्या बोल्टला थेट करंट दिला की इंजिन फिरणारच, गियर पडलेला असो नसो. फोर्ड ८एन (१९४७ ते १९५२ मधला, ६ व्होल्ट) बघा, त्याचं सेल्फचं बटण गियरच्या दांड्यापाशी आहे आणि न्यूट्रल असल्याशिवाय ते चालतच नाही. कंपनीने विचार करून बसवलेली ही सोय तुम्ही एका केबलने बाजूला टाकता. वरून सेल्फ बऱ्याच ट्रॅक्टरला इंजिनच्या कुशीत, म्हणजे तुम्ही उभे मागच्या मोठ्या चाकाच्या बरोबर पुढे. गियरमध्ये सुरू झाला की तो पुढे येतो आणि तुम्ही त्याच्या वाटेत. माणसं अशीच चिरडून मेलीत, ही दंतकथा नाही.

जुनाखटारा:
न्यूट्रल मी बघतो, हँडब्रेक ओढतो, चाकाला दगड लावतो.

तिसरा_गियर:
रोज बघता. ज्या दिवशी घाई असेल त्या दिवसाचं बोलतोय मी.

पानापक्कड:
उशिरा आलो. दोन गोष्टी राहिल्या.
पहिली, यातल्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना बॉडीला प्लस असतो, कारला मायनस. सवयीने 'काळा चिमटा बॉडीला' करून लाल बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलला लावलात तर दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या जातात, १८ व्होल्ट आणि मध्ये फक्त केबल, बघता बघता प्लास्टिक गळतं. आणि प्लस-मायनस जुळवून बरोबर जोडलंत तरी कारचा बंपर ट्रॅक्टरला टेकता कामा नये, टेकला की थेट शॉर्ट. हातभर अंतर ठेवा.
दुसरी, बॅटरी पार मेली असेल तर ही सेल्फवाली युक्ती कामाचीच नाही. सेल्फ गरगर फिरेल, पण कॉइलला करंट नाही तर प्लग काय पेटणार? मॅग्नेटोवाल्यांचं वेगळं, मॅग्नेटो बॅटरीशिवाय स्वतःच करंट बनवतो, त्यांची ठिणगी घरची.
आणि मुळात तो रोज आचके का देतो हे कुणी विचारलंच नाही. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, म्हणून केबलही जाड लागते. लोक बॅटरी बदलताना १२ व्होल्टची बारीक केबल टाकतात आणि बॅटरीला शिव्या घालतात. बॉडीला जिथे अर्थ कसलाय तिथे खाली रंग किंवा गंज असतो. सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरं सेल्फच्या अंगावर ठेवा. १ व्होल्ट दिसला म्हणजे सहातला एक वाटेतच गेला.

जुनाखटारा:
केबल मीच टाकली होती, कारची जुनी पडली होती ती 🙈 मीटर लावला आत्ताच, १.२ दाखवतोय. पट्टी काढली तर खाली हिरवट भुकटी आणि तिच्याखाली चक्क रंग. घासून जाड केबल टाकतो, मग बघू. पण जंप केबल कारमधून काढणार नाही, सांगून ठेवतो.

ॲसिडवाला:
नका काढू. कारचं इंजिन मात्र बंद ठेवून, आणि चष्मा.

तिसरा_गियर:
आणि न्यूट्रल बघून.

जुनाखटारा:
हो हो, कळलं.