परिषदेत एकमत लागते, मग दबाव आणायचा कोणावर?

पाऊलवाट (मूळ प्रश्न)

आमच्या वाचनगटात सध्या एक निवेदन सह्यांसाठी फिरत आहे. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची कालबद्ध योजना संयुक्त राष्ट्रांच्या पुढील वार्षिक हवामान परिषदेत मंजूर करावी, असे आवाहन त्यात ‘जगातील सर्व सरकारांना’ केलेले आहे. मागणीला माझा विरोध नाही. मात्र २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेने जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख प्रथमच ठरावात केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे ऐंशीहून अधिक देश त्यासाठी आराखडा मागत असतानाही मुख्य ठरावात या इंधनांचे नावसुद्धा आले नाही. असे असताना सह्यांच्या निवेदनाचा परिणाम नेमका कोणावर होतो? शिवाय २०२१ मध्ये ग्लासगोला कोळशाविषयीचे वाक्य अखेरच्या तासांत सौम्य करून घेणाऱ्यांत आपलाच देश पुढे होता. मग भारतीय नागरिकाने हे निवेदन कोणाच्या नावे लिहावे?

टाचण

‘सर्व सरकारांना’ हा पत्ताच चुकीचा आहे, असे मला वाटते. या परिषदा ज्या हवामान करारानुसार भरतात, त्यात मतदानाची तरतूद व्हावी यासाठी कार्यपद्धतीचा बेचाळिसावा नियम मसुद्यात होता. परंतु १९९५ मध्ये बर्लिनला झालेल्या पहिल्याच परिषदेत त्यावर सहमती झाली नाही, आणि तो नियम आजतागायत स्वीकारला गेलेला नाही. त्यामुळे प्रत्येक ठराव सर्वसहमतीने होतो. आता सर्वसहमती झाली की नाही हे ठरवतो कोण, तर हातोडा ज्यांच्या हाती असतो ते अध्यक्ष. २०१० मध्ये कानकूनला बोलिव्हियाचा प्रतिनिधी विरोध नोंदवत असतानाच ठराव मंजूर झाल्याचे जाहीर झाले. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट संमत झाल्यानंतरच भारताच्या चांदनी रैना यांना बोलायला मिळाले आणि त्यांनी तो ठराव नाकारत असल्याचे सांगितले. दुबईत तर छोट्या द्वीपराष्ट्रांचे प्रतिनिधी सभागृहात पोहोचण्यापूर्वीच मंजुरीचा हातोडा पडला होता. सामोआच्या ॲन रासमुसेन यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. ठराव अर्थातच तसाच राहिला.

बोलिव्हियाला डावलता येते, परंतु सौदी अरेबियाला डावलण्याची हिंमत कोणताही अध्यक्ष करील असे मला वाटत नाही. म्हणून परिषदेच्या दारात घोषणा देण्यापेक्षा, आपला प्रतिनिधी राजधानीतून कोणत्या सूचना घेऊन निघतो याकडे लक्ष द्यावे. वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या सूचनांच्या पलीकडे फारसे जाता येत नाही, आणि त्या परिषदेच्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात. तुमचे निवेदन दिल्लीला, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाच्या नावे जावे, आणि त्याची प्रत कोळसा व ऊर्जा या दोन्ही मंत्रालयांना जावी.

इरईकाठ

मी चंद्रपूरचा आहे. दिल्लीला अवश्य लिहा, पण त्या निवेदनात आमच्या जिल्ह्याचाही विचार असू द्या. येथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसाखाणी आहेत. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि अंगणातल्या तुळशीवर राखेचा थर बसतो, त्यामुळे कोळसा जावा असे आम्हाला पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षा अधिक वाटते. तरीही खाणीतला कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात मोठा फरक आहे. खाण बंद झाली तर कायम कामगाराची बदली होईल किंवा त्याला निवृत्तिवेतन मिळेल. ट्रकचालक, लोडर, वेल्डर, चहाची टपरी चालवणारा, यांच्याकडे दाखवायला साधे नियुक्तिपत्रही नसते. जमीन दिलेल्या ज्या प्रकल्पग्रस्तांच्या घरात एकाला नोकरी लागली, त्यांचा तर सगळा व्यवहारच त्या नोकरीवर उभा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. श्रीमंत देशांनी त्या देशाच्या कोळसामुक्तीसाठी आदल्याच वर्षी साडेआठ अब्ज डॉलरची घोषणा केली होती. तरी पर्यायी रोजगार वेळेत उभा राहिला नाही, ही तक्रार तेथील कामगार संघटना आजही करतात. त्यामुळे ‘न्याय्य संक्रमण’ (म्हणजे कोळशावर पोट असलेल्यांना वाऱ्यावर न सोडता केलेला बदल) असे दोन शब्द लिहून थांबू नका. कंत्राटी कामगारांची नोंदणी कोण करणार आणि त्यासाठी पैसा कोठून येणार, हे स्पष्ट विचारा.

ऱ्हाइनतीर

जर्मनीत राहत असल्यामुळे एक भर घालतो. येथे कोळसा बंद करण्याचे अखेरचे वर्ष २०३८ असेल, हे २०२० च्या कायद्याने ठरले; पण त्याआधी २०१८ मध्ये सरकारने एक आयोग नेमला होता, ज्यात कामगार संघटना, उद्योग, पर्यावरण संस्था आणि खाणपट्ट्यातील प्रतिनिधी एकत्र बसले होते. कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद त्याच प्रक्रियेतून झाली. हे सगळे घडले ते बर्लिनमध्ये आणि खाणपट्ट्यात. कोणत्याही जागतिक परिषदेने जर्मनीला त्याची सक्ती केली नव्हती. (एवढे होऊनही जानेवारी २०२३ मध्ये लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी ल्युट्सेराट हे गाव पोलीस बंदोबस्तात रिकामे करण्यात आलेच. यांच्याकडून आपण धडे घ्यावेत, पण डोळे उघडे ठेवून.)

मात्र परिषदा निरुपयोगी आहेत, हे टाचण यांच्या प्रतिसादातून ध्वनित होणारे मत मला पटत नाही. दुबईतील ठरावाचा आधार घेऊनच बेलेमला ऐंशीहून अधिक देश एकत्र आले. तेथे एकमत होत नाही असे दिसताच कोलंबिया आणि नेदरलँड्स यांनी इच्छुक देशांची वेगळी परिषद एप्रिल २०२६ मध्ये कोलंबियातील सांता मार्ता येथे घेण्याचे जाहीर केले, म्हणजे कोळसा निर्यात करणाऱ्या किनाऱ्यावरच. एका देशाच्या हरकतीने अडत नाही, हे अशा गटांचे बळ. आणि मोठे उत्पादक देश बाहेरच राहू शकतात, ही त्यांची मर्यादा.

टाचण

निरुपयोगी असे मी म्हटलेले नाही. दबावाची जागा कोणती, एवढाच माझा मुद्दा होता. भारताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निवेदनात यावी. आपले दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे केवळ कोळसाच नव्हे तर सर्व जीवाश्म इंधने कमी करण्याचा प्रस्ताव भारतानेच मांडला होता. तो प्रस्ताव न्याय्य होता, कारण एकट्या कोळशाकडे बोट दाखवले की तेल आणि वायूवर श्रीमंत झालेले देश सहज सुटतात. तोच प्रस्ताव पुन्हा मांडा आणि त्यासोबत स्वतःच्या कोळशाचे वेळापत्रकही द्या, अशी मागणी आपल्या सरकारकडे करता येईल. पहिली अर्धी मागणी मान्य करणे दिल्लीला सोपे जाईल. दुसऱ्या अर्ध्या मागणीसाठी मात्र नेट लावावा लागेल, कारण २०२४-२५ मध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला आणि तो यश म्हणून साजरा झाला.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. निवेदनाचा पत्ता बदलून तीनही मंत्रालयांची नावे घालण्याचे गटाने मान्य केले आहे, आणि शर्म अल-शेखचा मुद्दाही घेतला आहे. इरईकाठ, कंत्राटी कामगारांच्या नोंदणीविषयीचा परिच्छेद आपणच लिहून द्याल का? जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित भागासाठी खाणचालकांकडून जमा होणाऱ्या) निधीतून ते काम होऊ शकेल असे गटातील एका सदस्याचे म्हणणे आहे. तो निधी तुमच्याकडे प्रत्यक्षात कशावर खर्च होतो, हेही त्यात आले तर बरे होईल.