रीजन आणि झोन, नेमका फरक काय?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, डिप्लोमा झालाय, आता एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा) शिकायला घेतलंय. सर्व्हर बनवताना वर रीजन म्हणून मुंबई निवडलं तरी खाली परत झोन 1ए, 1बी, 1सी विचारतं, मुंबई म्हणजे एकच मोठी बिल्डिंग नाही का? आणि लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकतो त्यापेक्षा हे वेगळं कसं? दोन दिवस डोकं धरून बसलोय.

उत्तर 1:
भावा, व्हर्च्युअलबॉक्स कळलंय ना, मग अर्धं काम झालं. इथेपण एका दणकट मशीनवर हायपरवायझर (एका मशीनचे अनेक आभासी सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर) बसून सीपीयू, रॅम वाटून देतो, फक्त मशीन दुसऱ्याचं आणि भाडं आपलं. पण ईबीएस डिस्क (सर्व्हरचा डेटा ठेवायची एडब्ल्यूएसची डिस्क) त्या मशीनमध्ये नसते बरं का, नेटवर्कवरून जोडलेली असते, म्हणून मशीन बंद पडलं तरी डेटा राहतो आणि तीच डिस्क त्याच झोनमधल्या दुसऱ्या सर्व्हरला लावता येते. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं!

उत्तर 2:
झोनचं सांगते. रीजन म्हणजे एका भागातल्या अनेक झोनचा समूह. मुंबई रीजन 2016 ला दोन झोनवर सुरू झाला, नंतर तिसरा आला. एक झोन म्हणजे एक किंवा जास्त डेटा सेंटर, वीज, कूलिंग, नेटवर्क सगळं वेगळं. एकीकडची वीज गेली तर दुसरीकडचा सर्व्हर चालू राहावा म्हणून हा खटाटोप, त्यामुळे एकाच कामासाठी दोन सर्व्हर घेतलेस तर दोन्ही एकाच झोनमध्ये ठेवू नकोस.

उत्तर 1:
अजून एक, सर्व्हर स्टॉप केला तरी डिस्कचं बिल चालूच राहतं, मी महिनाभर भरलंय. प्रॅक्टिस झाली की डिस्क डिलीट झाली का ते बघ आणि आजच बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेपुढे गेला की येणारी सूचना) लाव.

प्रश्नकर्ता:
खूप आभार ताई, दादा. आत्ता बघितलं, दोन जुन्या डिस्क तशाच पडल्या होत्या, उडवल्या.