एसडी कार्डावरून पुसलेले फोटो परत आले, पण नावं गेली आणि मोठे व्हिडिओ उघडत नाहीत

शटर४००

निकॉनमधलं ६४ जीबीचं कार्ड, फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) एक्सफॅट. कॅमेऱ्याच्याच मेनूतून सगळे फोटो डिलीट झालेत, फॉरमॅट केलेलं नाही. त्यानंतर वीसेक नवे फोटो त्यावर पडले. उबंटूवर फोटोरेक (पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम) थेट कार्डावर चालवलं. जेपीजी बहुतेक आले, पण नावं 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशी. 'टी'ने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइलींचा ढीग वेगळाच. छोटे व्हिडिओ चालतात, मोठे उघडतच नाहीत. मूळ नावं मिळतील का? आणि व्हिडिओंचं काही होईल का?

टर्मिनलकर

नावं मिळायची शक्यता आहे, पण फोटोरेककडून नाही. ते फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइलीच्या सुरुवातीचे ओळखीचे बाइट शोधतं. जेपीजी असेल तर एफएफ डी८ एफएफ. नाव त्या बाइटांत नसतं, ते डिरेक्टरीच्या नोंदीत असतं. 'एफ'च्या पुढचा आकडा म्हणजे फाइल ज्या सेक्टरवर (कार्डावरचा छोटा कप्पा) सापडली त्याचा क्रमांक. 'टी'वाल्या फाइली जेपीजीच्या पोटातले थंबनेल (चिमुकल्या झलका) आहेत, खुशाल उडवा.

एक्सफॅटमध्ये फाइल डिलीट झाली की नोंदीवरची 'वापरात' ही खूण तेवढी उतरते. नाव, आकार, पहिला क्लस्टर (सेक्टरांचा गट) तिथेच राहतात. ते वाचायला टेस्टडिस्क घ्या, फोटोरेकच्याच पॅकेजमध्ये येतं. पण थेट कार्डावर आता काही चालवू नका. आधी कार्डाच्या कडेचं लॉक खाली सरकवा आणि पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, एका फाइलीत घ्या. विंडोजच्या मशीनला लॉक न लावता जोडलंत तर विंडोज त्यावर स्वतःचं एक फोल्डर बनवून मोकळं होतं.

इमेज घ्यायला डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. क्रम असा: स्रोत, इमेज फाइल, मॅपफाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद). स्रोत म्हणून पार्टिशन नको, पूर्ण डिस्क द्या, म्हणजे 'sdb1' नव्हे तर 'sdb', किंवा 'mmcblk0p1' नव्हे तर 'mmcblk0'. डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके ही कमांड चालवून आकारावरून खात्री करा. स्रोत आणि इमेजची अदलाबदल झाली तर कार्डावरचं सगळं कायमचं जाऊ शकतं. मॅपफाइल विसरू नका, मधेच तुटलं तर तिथूनच पुढे चालू होतं.

मग टेस्टडिस्कला ती इमेज द्या: ॲडव्हान्स्ड, पार्टिशन निवडा, अनडिलीट. 'ए' दाबलं की सगळ्या फाइलींवर खूण, मग कॅपिटल 'सी'ने कॉपी. छोट्या 'सी'ने फक्त कर्सरखालची एकच जाते. इथे बरेच जण फसतात.

शटर४००

इमेज ४ जीबीला अडकली. डिस्कवर जागा तर भरपूर आहे.

टर्मिनलकर

ती डिस्क फॅट३२ असणार, एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. एक्सटी४ किंवा एनटीएफएस फाइल सिस्टिम असलेल्या डिस्कवर घ्या. इमेजलाच साधारण ६० जीबी लागेल, शिवाय सापडलेल्या फाइलींना वेगळी जागा.

बिटाक्षरी

टेस्टडिस्कमधून जे सुटेल त्यासाठी फोटोरेक पुन्हा, पण इमेजवर. त्याच्या 'फाइल ऑप्ट' मेनूत 'एस' दाबून सगळ्या खुणा काढा आणि जेपीजी, टिफ, एमओव्ही एवढ्याच ठेवा. एनईएफ (निकॉनचे रॉ फोटो) टिफच्या खाली येतात, एमपी४ एमओव्हीच्या. टिफवरची खूण निघाली असेल तर एकही एनईएफ मिळायची नाही. पुढे 'फ्री' (फक्त मोकळी जागा) निवडा, म्हणजे नंतर काढलेले फोटो त्यात मिसळत नाहीत.

नावांसाठी अजून एक वाट: बऱ्याच निकॉन मॉडेलांत मूळ फाइल क्रमांक मेकरनोट्समध्ये (फोटोच्या फाइलीत कॅमेरा लिहून ठेवतो ती माहिती) लिहिलेला असतो. ही माहिती वाचणाऱ्या एक्झिफटूलने 'फाइलनंबर' टॅग वाचा आणि त्यावरून नाव द्या. टॅग नसेल तर 'डेटटाइमओरिजिनल' (फोटो काढल्याची वेळ) वापरा, पण बर्स्टमध्ये (झटपट सलग फोटो) एकाच सेकंदाचे चार फोटो असतात, तेव्हा नावाला जोडक्रमांक लागेल अशी सोय करा.

खटपट्या

व्हिडिओचं दुखणं वेगळं आहे. एमपी४ची अनुक्रमणिका म्हणजे 'मूव' हा भाग. बहुतेक कॅमेरे तो रेकॉर्डिंग संपल्यावर फाइलीच्या शेवटी लिहितात. कार्डावरून अधूनमधून एखाददुसरा फोटो डिलीट होत गेला असेल, तर मधे भोकं राहतात आणि मोठा व्हिडिओ त्या भोकांतून तुकड्या-तुकड्याने बसतो. फोटोरेक सलग वाचतं, त्यामुळे पहिल्या तुकड्यानंतर भलताच डेटा लागतो आणि 'मूव' सापडत नाही. छोटे व्हिडिओ एकाच तुकड्यात मावले, म्हणून चालले.

अनट्रंक हा व्हिडिओ दुरुस्त करणारा प्रोग्राम वापरून बघा. त्याला त्याच कॅमेऱ्याचा, त्याच रिझोल्यूशनचा आणि फ्रेमरेटचा एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून लागतो. बहुधा पहिला तुकडा संपेपर्यंतचं चित्र मिळेल. पुढचे तुकडे हाताने जुळवणं हे एखाद्या अगदी महत्त्वाच्या क्लिपसाठीच करावं, नाहीतर वेळ फुकट.

नव्या फोटोंखाली जे दबलं ते मात्र गेलंच. त्यातली एखादी फाइल टेस्टडिस्कमध्ये नाव, आकार सगळं नीट दाखवेल आणि उघडल्यावर आत दुसराच फोटो निघेल. म्हणून नावावर भरवसा न ठेवता प्रत्येक उघडून बघा.

कीबोर्डकाका

हेच लॅपटॉपच्या एसएसडीवर चालेल का?

टर्मिनलकर

सहसा नाही. डिलीट झाल्यावर सिस्टिम ट्रिम (हे ब्लॉक आता नकोत, अशी सूचना) पाठवते, आणि त्यानंतर ते ब्लॉक वाचले तर बहुतेक एसएसडी शून्यच देतात. विंडोज ७ पासून ट्रिम आपोआप चालतं. उबंटूत ते पाठवणारा एफएसट्रिमचा टायमर आठवड्यातून एकदा चालतो, तेवढ्यात हाती लागलं तर लागलं. लॅपटॉप लगेच बंद करा आणि लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या उबंटूवरून) सुरू करून बघा. तरी एक्सटी४वर नावासकट मिळणं अवघडच, डिलीट करताना आयनोडमधली (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) ब्लॉकांची यादी पुसली जाते.