विद्यापीठाचा मार्च ते मे कार्यक्रमांचा तक्ता हातात आलाय. बाहेरच्या माणसाने नक्की कशाला जावं?

नवी_शेजारीण

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात आम्ही एका विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच राहायला आलो. मी तिथे शिकत नाही, शिकवत नाही, घरातल्या कुणाचाच तिथे काही संबंध नाही. परवा पत्रपेटीत त्यांचा वसंत ऋतूतल्या कार्यक्रमांचा तक्ता येऊन पडला. मी हौसेने मोजले तर 83 कार्यक्रम! एकाच शुक्रवारी पाच. ऑर्केस्ट्राची सत्रअखेरची मैफल, पदवीच्या विद्यार्थ्यांचं चित्र-शिल्प प्रदर्शन, कवितावाचन, वेधशाळेची खुली रात्र, सगळ्या परिसराने मिळून रंगवायचं एक भित्तिचित्र... आणि ‘रिसायटल’ हा शब्द तर ओळीने अठरा वेळा आलाय, प्रत्येक वेळी फक्त एक नाव आणि एक वाद्य.

माझे प्रश्न:

बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का, की आपण आगंतुक वाटतो?

आई 74 वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे फार पायऱ्या चढवत नाही. मुलगी आठ वर्षांची, चाळीस मिनिटांच्या पुढे तिची चुळबुळ सुरू होते. दोघींना एकदम नेता येईल असं काय?

आत्ता मी फक्त ऑर्केस्ट्राच्या मैफलीवर खूण केलीये. त्यात विवाल्दी या संगीतकाराचे ‘चार ऋतू’ आहेत. शिवाय नृत्यविभाग ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ करतोय. नावात वसंत आहे म्हणजे मुलीला आवडेल असं वाटतंय.

आणि हो, टाळ्या कधी वाजवायच्या? हसू नका.

---

विंगेतला

हसत नाही. टाळ्यांचं शेवटी सांगतो.

मी सहा वर्षं एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात कामाला होतो. कागदावर प्रकाशयोजना सहाय्यक, प्रत्यक्षात पडेल ते. खुर्च्या लावणं, पियानो ढकलणं, उशिरा आलेल्यांना दाराशी थोपवून धरणं. त्यामुळे तुमच्या त्या 83 कार्यक्रमांकडे मी विंगेतून बघतो.

सगळ्यात आधी, इतकी गर्दी याच तीन महिन्यांत का होते? वसंताचं स्वागत वगैरे छापतात, पण खरं कारण म्हणजे वर्ष संपत आलेलं असतं. संगीताच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी जाहीर रिसायटल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वादनाचा कार्यक्रम, द्यावंच लागतं, चित्रकलेच्या विद्यार्थ्याला प्रदर्शन भरवावं लागतं, दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याला नाटक उभं करावं लागतं. म्हणजे तक्त्यातले निम्मेअधिक कार्यक्रम या मुळात परीक्षा आहेत. परीक्षक तिसऱ्या-चौथ्या रांगेत वही घेऊन बसलेले असतात. आणि ती परीक्षा ‘जाहीर’ व्हायची तर समोर कुणीतरी जाहीर माणूस बसायला हवा. तो माणूस म्हणजे तुम्ही. आगंतुक कसल्या?

म्हणून माझं स्पष्ट मत: ऑर्केस्ट्राच्या मैफलीला जाऊ नका असं नाही, पण ती तुमच्यावाचून भरणारच आहे. वाजवणाऱ्या प्रत्येकाचे आईवडील, मित्र, मित्रांचे मित्र येणार. तुम्ही त्या अठरा ओळींपैकी एक निवडा.

एका रिसायटलला श्रोते किती होते सांगतो: सात. सातवा मी, आणि मी श्रोता नव्हतोच, पियानोवादिकेची पानं उलटायला बसलो होतो. ठरलेली मुलगी आजारी पडली, स्वरलिपी वाचता येणारा दुसरा कुणी सापडेना, मला थोडीफार यायची. या कामाची एक शिस्त असते. वादकाच्या डाव्या हाताला, किंचित मागे बसायचं. पान संपायच्या चार-सहा सुरांआधी उभं राहायचं, डाव्या हाताने वरचा उजवा कोपरा धरायचा आणि वादकाने मान हलवली की उलटायचं. बाही सुरांवरून जाता कामा नये. हे सगळं मला विंगेत दोन मिनिटांत शिकवलं गेलं. एक गोष्ट राहिली: पुनरावृत्तीची खूण आली की पानं पुढे नाही, मागे उलटायची असतात. मी थाटात पुढचं पान उलटलं. त्यातही बोटाला घाम, दोन पानं एकदम गेली. बाईंच्या समोर तिसऱ्याच भागाचे सूर! त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जवळजवळ दीड मिनिट आठवणीतून वाजवत राहिल्या, आणि मी ती दोन पानं परत आणायला धडपडत होतो. कागदाचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. परीक्षकांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं, काय ते देव जाणे.

मोठ्या सभागृहात एवढं जवळून काही दिसत नाही. इथे पेडलवरचा बूट दिसतो, सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो.

आता तुमच्या दोघींचं. ज्युनियर, म्हणजे शेवटच्याच्या आधीच्या वर्षाचं, रिसायटल बहुधा अर्ध्या तासात आटोपतं, शेवटच्या वर्षाचं साधारण तासाभराचं असतं. मुलीच्या चाळीस मिनिटांत ज्युनियरवालं बसतं. पियानो असेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूला बसा, म्हणजे वादकाचे हात दिसतात. आईंसाठी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी फोन करून ‘पायऱ्या नसलेली जागा हवी’ एवढं सांगा. ऐन वेळी दारात सांगितलं तर आमच्यासारख्यांची पळापळ होते. नृत्य मात्र पुढून बघू नका. मागे, जमेल तितकं उंच बसा. जमिनीवरच्या रचना उंचीवरूनच कळतात. आईंसाठी लिफ्टने वरच्या मजल्यावर जाता येतं का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

‘द राइट ऑफ स्प्रिंग’बद्दल सावध करतो. नावावर जाऊ नका. संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या या बॅलेत वसंतासाठी एका मुलीचा बळी निवडला जातो आणि ती नाचता नाचता मरते. 29 मे 1913 ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षागृहात असा गोंधळ माजला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. लांबी फक्त पस्तीसेक मिनिटं आहे, पण ढोल अंगावर येतात. आठ वर्षांच्या मुलीला नेण्याआधी तिला गोष्ट सांगा, नाहीतर तिला आजीजवळ ठेवून एकट्या जा. एकट्या मात्र जाच.

तक्त्यात 27 मार्च (जागतिक रंगभूमी दिन, 1962 पासून), 29 एप्रिल (नृत्य दिन) आणि 30 एप्रिल (जॅझ दिन) या तारखांना काय आहे तेही बघा. या दिवशी काही ठेवलेलं असलं तर ते पुष्कळदा मोकळ्यावर, येता-जाता थांबता येईल असं असतं. चुळबुळ्या मंडळींसाठी बरं.

टाळ्या: वादकाने हात खाली घेतले, खांदे सैल सोडले की. त्याआधी शांतता पसरली तरी थांबा. चुकून वाजवल्यात तरी कुणी मरत नाही. मी दोन पानं एकदम उलटून जिवंत आहे.

---

मधला_सूर

विंगेतल्यांना दुजोरा. मी व्हायोला वाजवते, तीच ती, व्हायोलिनपेक्षा जराशी मोठी, जिच्याकडे कुणी बघत नाही.

पण विवाल्दीला जाणार असाल तर कृपा करून एकदा आमच्याकडे बघा. ‘चार ऋतू’ 1725 मध्ये ॲमस्टरडॅमला छापून आले तेव्हा प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत होतं, आणि त्यातल्या ओळी सुरांच्या जागी लिहिलेल्या होत्या. ‘वसंता’च्या दुसऱ्या, संथ भागात एक गुराखी झाडाखाली झोपलाय. मुख्य व्हायोलिन म्हणजे तो गुराखी. बाकीची व्हायोलिनं पानांची सळसळ करतात. आणि व्हायोला? व्हायोला म्हणजे त्याचा भुंकणारा कुत्रा. दोन ठसकेबाज सूर, थांबा, पुन्हा दोन सूर. अख्खा भाग तेवढंच. मी तो कुत्रा वाजवलाय. सर म्हणायचे, ‘सुंदर वाजवू नकोस, भुंक.’ ते जमायला मला तीन आठवडे लागले, कारण इतकी वर्षं सगळे सुंदर वाजवायलाच शिकवत आले होते.

मुलीला आधी हे सांगून ठेवा. कुत्रा शोधायच्या नादात ती बसून राहील. चारही ऋतू मिळून चाळीसेक मिनिटांचे आहेत, ‘वसंत’ पहिलाच असतो आणि जेमतेम दहा मिनिटांचा. प्रत्येक ऋतूचे तीन भाग असतात, त्यामुळे टाळ्यांसाठी तीनपर्यंत मोजा.

---

परखड

एवढी आरती ओवाळू नका राव. विद्यार्थ्यांचं काम बऱ्याचदा वाईट असतं, हेही सांगा त्यांना. मी एका विद्यार्थी दिग्दर्शकाचं नाटक बघितलं. दोन तास, मध्यंतर नाही, पात्रं प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेली. का, तर म्हणे ‘संवाद तुटलाय’. माझी कंबर तुटली. दार स्टेजच्याच बाजूला असल्याने उठताही येईना.

माझा सल्ला: आधी कालावधी विचारा, मध्यंतर आहे का विचारा, आणि बाहेरच्या दाराजवळची कडेची खुर्ची धरा. प्रदर्शनं त्या मानाने सुरक्षित. नाही आवडलं तर पाय आपले, पुढे चालू पडायचं.

---

विंगेतला

परखड, मान्य. पाठ करून बसणारी नाटकं मीही उजळलीयेत. चेहराच दिसणार नाही म्हटल्यावर प्रकाश टाकायचा कशावर, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला होता. तो म्हणाला, ‘मानेवर.’ टाकला. खरं सांगतो, एका मुलीची ती मान मला अजून आठवते. नाटक आठवत नाही.

प्रदर्शनाबद्दल मात्र थोडी भर. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा भिंतींपेक्षा पाठीच जास्त दिसतात. मधल्या वारी दुपारी जा. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांनाच आळीपाळीने दालनात बसवतात, आणि तो बिचारा किंवा ती बिचारी कंटाळलेली असते. ‘याचा अर्थ काय’ असं विचारलंत की ते पाठ केलेलं बोलतात. ‘यासाठी आधी काय काय करून टाकून दिलंस?’ असं विचारा. मग खुर्ची पुढे ओढतात, फोनमधले फोटो काढून दाखवतात.

---

मघा

वेधशाळेच्या खुल्या रात्रीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

तारीख निवडायची सोय असेल तर पौर्णिमेच्या आसपासची टाळा, चंद्रप्रकाशात मंद तारे बुडून जातात. शुक्ल अष्टमीच्या आसपास उत्तम: अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि मुलं दुर्बिणीला डोळा लावून किंचाळतात. उत्तर गोलार्धात असाल तर एप्रिलच्या संध्याकाळी पुष्य आणि मघा वर असतात, चित्रा आणि स्वाती पूर्वेकडे. पुष्यातला तारकागुच्छ मोठ्या दुर्बिणीपेक्षा साध्या द्विनेत्रीतून छान दिसतो, घरी असेल तर घेऊन जा. अंगावर जाड काहीतरी असू द्या, कारण घुमट उघडा ठेवतात आणि आत हीटर लावत नाहीत. ऊबदार हवेने प्रतिमा थरथरते.

आजींसाठी: दुर्बिणीपाशी शिडी चढावी लागेल का, ते आधी विचारून घ्या. काही ठिकाणी लागते.

---

नवी_शेजारीण

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

विंगेतल्यांचं ऐकून एका ज्युनियर रिसायटलला गेलो, बासरी आणि पियानो. मुलीने माणसं मोजली, आमच्यासह अकरा. दारातल्या मुलाने कार्यक्रमाचा कागद आईच्या हातात देताना ‘आल्याबद्दल आभार’ असं इतक्या मनापासून म्हटलं की आई अवघडून गेली. बासरीवाल्या मुलाचा पहिला सूर फुटला. तो थांबला, बासरीचा सांधा जरासा फिरवला, पुन्हा सुरू केलं. आई म्हणाली, ‘घाबरलाय लेकरू,’ ते बहुतेक चौथ्या रांगेतल्या वहीवाल्यांनाही ऐकू गेलं.

चुळबुळ झाली नाही. कारण आमच्या बाईसाहेबांनी बासरीकडे पाहिलंच नाही. पूर्ण अर्धा तास पियानोशेजारी बसलेल्या, पानं उलटणाऱ्या मुलीवर नजर! घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहून, डाव्या हाताने वरचा कोपरा धरून, माझ्या वहीची पानं उलटून दाखवली. आता पुढच्या गुरुवारचं कधी आहे म्हणून मागे लागलीये.

विवाल्दीची तिकिटं काढलीत. कुत्र्याची गोष्ट सांगून झालीये. ‘राइट ऑफ स्प्रिंग’ला मी एकटी.

---

विंगेतला

एकेकच पान उलटत होती ना ती?

---

नवी_शेजारीण

एकेकच. आणि एकदा दोन पानं मागेसुद्धा. तेव्हा मुलीने माझा हात दाबला.