वर्डमधील आकृतीला बटणासारखे कसे वापरावे?

प्रश्न

मी सध्या वर्डमध्ये सुमारे ४० पानांची एक प्रशिक्षण-पुस्तिका तयार करत आहे. तिच्या तिसऱ्या पानावर कामाचे टप्पे दाखवणारी आकृती असून तिच्यातील ७ चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण मी ‘इन्सर्ट’मधील ‘शेप्स’ वापरून काढले आहेत. वाचकाने एखाद्या चौकटीवर क्लिक केले की त्याने थेट त्या टप्प्याच्या प्रकरणावर पोहोचावे, अशी माझी अपेक्षा आहे. शेवटच्या पानावर अभिप्रायाचा छोटा फॉर्म आहे, त्यात खुणेच्या चौकटी आणि सर्व खुणा एकदम पुसणारे एक बटण मला हवे आहे.

दोन अडचणी आहेत. आकृतीच्या वर एखादा परिच्छेद वाढवला की काही चौकटी खाली सरकतात, काही जागच्या जागी राहतात आणि बाण भलतीकडेच निर्देश करू लागतात. दुसरे असे, की एक्सेलमध्ये आकृतीवर उजवी क्लिक केल्यावर तिला मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) जोडणारा ‘असाइन मॅक्रो’ हा पर्याय मिळतो, तो वर्डमध्ये मला कोठेच सापडला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपल्या पहिल्या अडचणीचे मूळ नांगरात आहे. वर्डमधील प्रत्येक तरंगती, म्हणजे ओळीत न बसवलेली, आकृती कोणत्या तरी परिच्छेदाशी बांधलेली असते, आणि आकृती निवडल्यावर त्या परिच्छेदाशेजारी नांगराचे छोटे चिन्ह दिसते. आपल्या ७ चौकटी बहुधा वेगवेगळ्या परिच्छेदांना बांधल्या गेल्या असाव्यात, त्यामुळे मजकूर वाढला की प्रत्येक चौकट आपापल्या परिच्छेदाबरोबर जाते. सुटी आकृती एकेक करून दुरुस्त करत बसण्यापेक्षा ‘शेप्स’च्या यादीत अगदी तळाशी असलेला ‘न्यू ड्रॉइंग कॅनव्हास’ घ्यावा, सर्व चौकटी त्याच्या आत काढाव्यात आणि कॅनव्हासचे ‘रॅप टेक्स्ट’ हे ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ असे ठेवावे. मग संपूर्ण आकृती एखाद्या मोठ्या अक्षरासारखी ओळीत बसते आणि मजकुराबरोबर एकसंध सरकते. कॅनव्हासमध्ये आणखी एक सोय आहे: तेथे जोडबाणांची टोके चौकटींच्या कडांना चिकटतात, त्यामुळे चौकट हलवली तरी बाण तिची साथ सोडत नाही.

प्रकरणावर उडी मारण्यासाठी मॅक्रोची गरजच नाही. प्रकरणांच्या शीर्षकांना ‘हेडिंग’ शैली द्यावी, चौकटीतील शब्द निवडून कंट्रोल आणि के या कळा दाबाव्यात आणि ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’मधून ते शीर्षक निवडावे. शीर्षकाऐवजी एखाद्या विशिष्ट ओळीवर पोहोचवायचे असेल, तर तेथे बुकमार्क, म्हणजे नाव दिलेली खूण, ठेवावा. त्याच्या नावात मोकळी जागा चालत नाही. वर्डमध्ये दुवा उघडताना वाचकाला सहसा कंट्रोल कळ दाबून क्लिक करावे लागते, हे पुस्तिकेत आकृतीखालीच एका ओळीत लिहून ठेवावे. ही कळ दाबायची आहे हे अनेकांना ठाऊक नसते आणि दुवे चालतच नाहीत असा त्यांचा समज होतो.

उत्तर २

बटणाविषयी सांगतो. वर्डमध्ये आकृतीला मॅक्रो जोडण्याची सोय दिलेलीच नाही, म्हणून आपल्याला ‘असाइन मॅक्रो’ सापडला नाही. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ येथे जाऊन ‘डेव्हलपर’ हा टॅब चालू करावा. त्यातील ‘लेगसी टूल्स’मध्ये ॲक्टिव्हएक्सचे (पानावर बटणे वगैरे बसवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचे) ‘कमांड बटन’ मिळते. ते पानावर ठेवून त्यावर दोनदा क्लिक केले की मॅक्रो लिहिण्याची खिडकी उघडते. लिहून झाल्यावर ‘डिझाइन मोड’ बंद करावा, अन्यथा बटण दाबले न जाता केवळ निवडले जाते. फाइल डॉकएम (.docm) प्रकारात जतन करावी, कारण नेहमीच्या डॉकएक्स (.docx) प्रकारात मॅक्रो टिकत नाही.

उत्तर ३

वरील कृती बरोबर असली तरी इतरांना पाठवायच्या पुस्तिकेसाठी मी ॲक्टिव्हएक्सचा सल्ला देणार नाही. ऑफिस २०२४ मध्ये आणि एप्रिल २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद ठेवलेले असते. मॅकवर किंवा ब्राउझरमधील वर्डमध्ये तर ते कधीच चालत नव्हते. मॅक्रोच हवा असेल, तर कंट्रोल आणि एफ९ दाबून येणाऱ्या महिरपी कंसांत ‘मॅक्रोबटन’ हे फील्ड (मजकुरात लिहायचा वर्डचा संकेत) लिहिता येते. त्यात मॅक्रोच्या नावापुढे दिसायचा मजकूर किंवा ओळीत बसवलेले चित्र ठेवता येते, आणि त्यावर दोनदा क्लिक केल्यावर मॅक्रो चालतो. तथापि इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ सालापासून वर्ड आपोआप अडवतो, म्हणून ई-मेलने फाइल मिळालेल्या वाचकाला बटण दिसेल, पण ते काम करेलच असे नाही.

माझ्या मते आपल्याला पुसण्याचे बटण नकोच आहे. ते कशासाठी हवे, याचा विचार केला तर प्रत्येक वाचकाला फॉर्म कोरा मिळावा एवढाच हेतू दिसतो. तो साधण्यासाठी फाइल टेम्प्लेट म्हणून, म्हणजे डॉटएक्स (.dotx) प्रकारात जतन करावी. तिच्यावर दोनदा क्लिक केले की मूळ फाइल न उघडता तिची नवी कोरी प्रत उघडते, आणि पुसण्याचा प्रश्नच उरत नाही. खुणेसाठी ‘डेव्हलपर’मधील ‘चेक बॉक्स कंटेंट कंट्रोल’, म्हणजे क्लिक करून खूण करता येणारा रकाना, वापरावा. तो वर्ड २०१० पासून उपलब्ध आहे आणि त्याला मॅक्रो लागत नाही. क्लिक केल्यावर त्यात मुळात फुलीचे चिन्ह येते. अनेक वाचक फुलीचा अर्थ नकार असा घेतात, म्हणून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन बरोबरची खूण अवश्य निवडावी.

शेवटी फॉर्मच्या आधी ‘सेक्शन ब्रेक’ टाकावा. ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मध्ये ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडल्यावर ‘सिलेक्ट सेक्शन्स’ हा दुवा दिसतो, त्यातून केवळ शेवटचा विभाग संरक्षित करावा. अशा रीतीने प्रश्नांचा मजकूर कोणी चुकून खोडणार नाही आणि खुणा मात्र करता येतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कॅनव्हासमध्ये आकृती पुन्हा काढली, वर दोन परिच्छेद वाढवून पाहिले, आणि एकही चौकट बाकीच्यांपासून सुटून हलली नाही. एक शंका राहिली आहे. काही वाचकांकडे वर्ड नाही, म्हणून मी पुस्तिका पीडीएफ करून पाहिली. आकृतीतील दुवे तेथे चालतात, परंतु खुणेच्या चौकटींवर क्लिक केले तर काहीच होत नाही. माझे काही चुकले आहे का?

उत्तर ४

आपले काहीही चुकलेले नाही. वर्डमधून पीडीएफ करताना कंटेंट कंट्रोलचे भरता येण्याजोग्या रकान्यांत रूपांतर होत नाही, केवळ त्यांचे चित्र उरते. त्या वाचकांसाठी शेवटचे पान तेवढे लिबरऑफिस रायटरमध्ये स्वतंत्रपणे करावे. ‘फॉर्म’ मेनूतून ‘चेक बॉक्स’ आणि ‘पुश बटन’ घ्यावे, बटणाच्या गुणधर्मांत ‘ॲक्शन’ या ओळीत ‘रिसेट फॉर्म’ निवडावे आणि पीडीएफ निर्यात करताना ‘क्रिएट पीडीएफ फॉर्म’ ही खूण ठेवावी. आपल्याला हवे असलेले पुसण्याचे बटण येथे मॅक्रोची एकही ओळ न लिहिता मिळते. फक्त वाचकाने ती पीडीएफ फॉर्म भरण्याची सोय असलेल्या प्रोग्रॅममध्ये उघडली पाहिजे, आणि आपण ती पाठवण्यापूर्वी एखाद्या मोबाइलवरही उघडून पाहावी.